संगीताचे पैसे नव्हते

गाण्यांचे हक्क विकत घ्यायला पैसे नव्हते,
म्हणून सिनेमात गाणं नाही.
रेव्हवरचा सिनेमा, आणि त्यात संगीत नाही.
आधीच सांगून ठेवते,
नंतर स्पीकर बिघडलाय म्हणून ओरडू नका.

गाव बेकप, लँकशरच्या खोऱ्यात.
सपातांचा कारखाना बंद पडून दोन वर्षं झालेली.
ऐंशी वर्षं त्या इमारतीत जे काही बनलं
ते पावलं वाजू नयेत म्हणून.
तिथं नेव्हिल हॅलिवेलनं रात्री एक वाजता
मागच्या दाराचं कुलूप तोडलं
आणि उसना कॅमेरा तिपाईवर चढवला.
दिवसा तो चिप्सच्या दुकानांतल्या कढया दुरुस्त करायचा.
त्याच्या पटकथेला शेवटपर्यंत तळणाचा वास होता.

मी ग्लेनिस. एकोणीस वर्षांची.
झाडूच्या दांड्याला माइक बांधून उभी.
ठरलेले पैसे : चाळीस पौंड, काम झाल्यावर.

व्हॅन भरभरून माणसं आली बर्नलीहून, ब्लॅकबर्नहून,
कुणाच्या अंगावर बेकरीचा गणवेश तसाच,
एक नर्स, दोघं जुळे, ओळखीचा एक पोस्टमन.
तीन वाजेपर्यंत भिंती हादरत होत्या.
ते सगळं रेकॉर्डिंग वाया.
नेव्हिल म्हणत होता, नंतर बघू, नंतर बघू.

तीन वाजून दहा मिनिटांनी जनरेटरमधलं डिझेल संपलं.

अंधार.
मग इम्तियाझनं
बापाची टॅक्सी मालाच्या दारातून थेट आत घातली
आणि मोठे दिवे लावले.
त्या उजेडात आम्ही पाहिलं :
कुणी थांबलंच नव्हतं.

दोनशे माणसं, डोळे मिटलेले,
कानांत गेलेलं गाणं अजून चालू.
धुळीत, दोऱ्याच्या रिळांत, सडक्या लोकरीत
पावलं.
श्वास.
कुणाच्या तरी खिशात किल्ल्या.
सात मिनिटं चाललं ते.
मग कुणीतरी हसलं, आणि एकदम सगळ्यांना थंडी वाजली.

नेव्हिलनं बाकी सगळा सिनेमा कापून फेकला असता तरी चाललं असतं.
त्यानं फेकला नाही. उरलेली बहात्तर मिनिटं वाईट आहेत,
खरंच वाईट, नायिका संवाद भिंतीवरून वाचते.
पहिल्या खेळाला नऊ माणसं होती,
त्यांतल्या दोन त्याच्या मावश्या.
एक मावशी म्हणाली, छान, पण आवाज नाही रे.

टॅक्सीची बॅटरी उतरली. इम्तियाझच्या बापानं
महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं.
आता तो बापच येतो दरवर्षी, काठी टेकत,
टॉडमॉर्डनच्या जुन्या बिंगो हॉलमध्ये,
दिवे लागले की शेजारच्याला कोपरानं ढोसतो :
ती माझी गाडी.

कसा कोण जाणे, पसरला हा सिनेमा.
टेपवरून टेप, त्या टेपवरून टेप,
इतका झिजला की माणसं पाण्याखाली नाचतायत असं वाटतं.
आता तिकिटं आठवडाभर आधी संपतात.
पोरं येतात, तेव्हा जन्मलीही नव्हती अशी,
त्या सात मिनिटांना खुर्च्या सरकवून उभी राहतात,
बूट काढून, मोज्यांवर,
आणि ज्याच्या त्याच्या गाण्यावर नाचतात.
कुणाचा ताल कुणाशी जुळत नाही.
माझा गुडघा दुखतो. मी बसून बघते.

चौथ्या मिनिटाला एक धप्प होतो.
सबंध सिनेमातला एकमेव ठोका.
त्यावर सगळा हॉल आरोळी ठोकतो,
त्या धप्पावर कुणीतरी म्हणे प्रबंध लिहिलाय,
मौनाला पडलेली भेग वगैरे.
माझ्या हातातून दांडा निसटला होता. हात भरून आले होते.

यंदा खेळ संपल्यावर नेव्हिल आला,
टक्कल, कानात यंत्र, हातात पाकीट.
एकतीस वर्षं खिशात घेऊन हिंडतोय, म्हणाला.
कागदी नोटा. आता कुठलंच दुकान घेत नाही.
लंडनला पाठवल्या तर बदलून देतात म्हणे.

बसस्टॉपवर दिव्याखाली मोजल्या.
पस्तीस.

परत आत गेले. तो खुर्च्या रचत होता.
नेव्हिल, पाच कमी आहेत.

माइक पाडलास ना, तो म्हणाला,
मान वर न करता.